आखाजीला माहेरी गेली होतीस का, हे तिला आधी विचार

प्रिय बेटा,

तुझं पत्र परवा मिळालं. तालुक्यातली गावं, दिव्यांग मुलांच्या याद्या, तपासणी शिबिराची धावपळ, सगळं मन लावून वाचलं. शेवटी तू लिहिलंस, "पालक सहकार्य करत नाहीत." नोकरीच्या पहिल्या वर्षी हीच ओळ मीही नोंदवहीत लिहिली होती, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

तू पालकसभा नोव्हेंबरात घेतलीस. तेव्हा आपल्या खानदेशात कापूस वेचणी ऐन भरात असते आणि मजुरी किलोवर मिळते. सभेला येणाऱ्या आईचा अख्खा दिवस जातो, वर मांडीवर आठ वर्षांचं पोर घेऊन एसटी बदलायची. शहादा, साक्रीकडची कित्येक घरं तर दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत निघून जातात. ती यादीत "गैरहजर" दिसतात. निघण्याच्या आधी त्यांच्या दारात जा, मुलाच्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत ते बघ आणि कागदपत्रांच्या झेरॉक्सचा एक संच त्यांच्या पिशवीत ठेव. सभा घ्यायचीच तर गावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी घे. त्या दिवशी माणसं तशीही बाहेर पडलेली असतात.

आता माझी चूक सांगते. चोपड्याकडच्या एका आईला मी घरी करायचे बारा व्यायाम लिहून दिले होते, चित्रांसकट. महिन्याने गेले तर कागद फडताळात घडी घालून ठेवलेला. मी विचारलं, "जमलं नाही का?" ती चुलीपुढून उठली नाही. अहिराणीत म्हणाली, "ताई, मी त्यानी माय शे, बाई नई." मी त्याची आई आहे, शाळेतली बाई नाही. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला मी रात्रीची शाळा लावली होती, आणि ती पूर्ण झाली नाही म्हणून तिलाच नापास करत होते.

त्यानंतर मी कागद देणं बंद केलं. तिच्या घरात जे रोज होतंच, त्यातच काय बसतं ते बघू लागले. तो पोरगा तिच्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायचा. चिमटीत पकडायचा सराव यापेक्षा चांगला कुठे मिळणार? सदरा घालताना बाकी सगळं आईने करायचं, शेवटचं एक बटण त्याच्यासाठी सोडायचं. ते जमलं की शेवटची दोन. पोराला पूर्ण केल्याचा आनंद रोज मिळतो आणि आईचा वेळ जात नाही. खायला देताना केळं आणि बिस्कीट दोन्ही समोर धरून विचारायचं, आणि मग गप्प बसून मनात दहा आकडे मोजायचे. आपण घाईने उत्तर देऊन टाकतो, म्हणून पोराला बोट दाखवायचीही गरज उरत नाही. एका भेटीत एकच गोष्ट सांग, आणि ती आधी तू तिच्यासमोर करून दाखव.

भाषेचंही असंच. तुझ्या अहवालात आहे की एक मुलगी साध्या सूचना पाळत नाही. तू तिला "बस" म्हणालीस. तिच्या घरात अहिराणीत "बठ" म्हणतात. धडगावच्या पाड्यांवर पावरी किंवा भिली बोली असेल. आईकडून दहा-पंधरा शब्द शिकून घे आणि मग पुन्हा तपास. आईला शिक्षिका करण्याआधी तिची विद्यार्थिनी हो, मग ती तुझ्याशी मोकळेपणाने बोलेल.

दोन बाबतींत मात्र सौम्यपणा नको. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाला मांडीवर आडवं करून, मान मागे टाकून आई भरवताना दिसली की थांबव. अन्न श्वासनलिकेत जातं. पोर टेकवून सरळ बसवायचं, मान किंचित पुढे, घास लहान. दुसरी गोष्ट मिरगीची. झटका आला की कांदा, चप्पल हुंगवतात, तोंडात चमचा घालतात. तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ ठेवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना. आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, त्याने झटके वाढतात. घरचे भगताकडे जातात, मनुदेवीला नवस बोलतात, त्यावर वाद घालू नकोस. नवस राहू दे, गोळी चुकू देऊ नका, एवढंच म्हण. श्रद्धेची थट्टा केलीस तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही, आणि मग गोळीचंही कळणार नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, निघण्याआधी जिल्हा रुग्णालयात फोन करून तज्ज्ञ बसणार आहेत का ते विचार. रिकाम्या हाताने परतलेलं कुटुंब पुन्हा निघत नाही. दिव्यांगत्वाच्या 40 टक्क्यांचा अर्थ नीट समजावून सांग. एका बापाने मला विचारलं होतं, पोराला 75 पडले म्हणजे पास झाला ना? मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण त्याला हे कुणीच सांगितलं नव्हतं. 2016 च्या कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो मेहेरबानी म्हणून मागायचा नसतो, हेही त्यांच्या कानावर घाल. मूल सोळाचं झालं की अठरानंतरच्या पालकत्वाचा विषय काढ. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. त्याच न्यासाची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे.

"ताई, मन्हा पोऱ्या बोली का?" माझा पोरगा बोलेल का, हा प्रश्न तुला येणारच. खोटी तारीख देऊ नकोस, आणि "नाही" असंही तोडून टाकू नकोस. आज तो काय करतो, पुढच्या सहा महिन्यांत आपण कशाच्या मागे लागू, एवढं सांग. आणि तिने न विचारताच एक सांग: यात तुझी चूक नाही. ग्रहणात भाजी चिरली होती म्हणून असं झालं, हे मनात धरून दहा वर्षं गप्प राहिलेल्या बाया मी पाहिल्यात. सासू आणि नवरा घरात असताना, त्यांच्यासमोर सांग. बोल त्यांच्याकडूनच लागलेला असतो. बापाशी वेगळं बोल. तो दोषी वाटतो, पण बहुतेक वेळा घाबरलेला असतो, आणि त्याच्याशी कुणी बसून बोललेलं नसतं.

मी माझ्या तपासणीच्या फॉर्मात नसलेला एक प्रश्न पुढे प्रत्येक आईला विचारू लागले: आखाजीला माहेरी गेली होतीस का? अक्षय तृतीयेच्या या सणाला आपल्याकडे लेकी माहेरी जातात, त्याचा अर्थ काय ते तुला सांगायला नको. झोका, गाणी, आईच्या हातचं जेवण. चोपड्याकडची ती बाई चार वर्षं गेली नव्हती. कानबाई देवीच्या सणाला, रोटाच्या जेवणालाही भाऊबंदांत पोराला नेत नव्हती. लोक बघतात, पोरगं ओरडतं, मग घरीच बरं.

त्या वर्षी मी तिच्या भावजयीला भेटायला गेले. पोराला कुकरच्या शिट्टीची भीती वाटते, तेव्हा आधी सांगून त्याला अंगणात न्यायचं. भूक लागली की तो हात चावतो, रागावायचं नाही. झोपताना आईच्या लुगड्याचं टोक हातात लागतं. हे तिच्याजवळ बसून बोलले, मग मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून दिलं. मी दिलेला तो एकच कागद कामी आला. ती दोन दिवस राहून आली, पोराला घेऊन. भावजय त्याला विहिरीकडे फिरवून आणायची आणि ही तेवढा वेळ झोक्यावर.

आखाजीला अजून तीन आठवडे आहेत. तुझ्या यादीतल्या कोण कोण गेल्या नाहीत ते मला लिही, आणि त्यांची माहेरं कुठली तेही.

तुझ्या मॅडम