खोगीर, घोडी आणि गिटार

एका भाषांतरकाराचा प्रश्न आहे: चांगल्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारच्या (म्हणजे स्पीकरलाही जोडता येणाऱ्या साध्या, पोकळ गिटारच्या) माहितीपत्रकात 'अंडर-सॅडल पिकअप' असे आहे. पिकअप म्हणजे तारांच्या कंपनांचे विजेत रूपांतर करणारा भाग. 'खोगिराखालचा पिकअप' लिहिले तर लोक हसतील का?

हसतील. पण हा शब्द वाटतो तितका वेडगळ नाही. तारा ज्यावर टेकतात त्या भागाला इंग्रजीत ब्रिज, म्हणजे पूल. आपले तंबोरेवाले त्याला घोडी म्हणतात. गिटारच्या ब्रिजमधल्या खाचेत हाडाची किंवा प्लास्टिकची अरुंद पट्टी उभी बसवतात, ती सॅडल. इंग्रजीने पुलावर खोगीर घातले. मराठीत तेच खोगीर घोडीवर चढते!

त्यात 'खोगीर' मूळचा फारसी. 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. जिनाखाली घालायचे, घाम टिपणारे जाड कापड ते खोगीर. पिकअपची जागाही हीच, सॅडलच्या खाली. फक्त तो घाम टिपत नाही, दाब टिपतो. तार थरथरली की पट्टीवरचा दाब कमीजास्त होतो आणि खालच्या पिएझो पट्टीत तेवढीच वीज उमटते. क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवलेला हा गुण. ग्रीकमध्ये 'पिएझेइन' म्हणजे दाबणे, म्हणून मराठीत 'दाबविद्युत'. खाचेचा तळ सपाट नसेल तर दाब सारखा पडत नाही आणि एखादी तार स्पीकरमधून दबकी ऐकू येते. पिएझोचा हा विजेचा संकेत फार नाजूक, म्हणून गिटारच्या पोटात प्रीअँप (संकेत वाढवणारे छोटे सर्किट) आणि बहुधा ९ व्होल्टची बॅटरी असते.

तरी माहितीपत्रकात मी 'घोडीतल्या पट्टीखालचा पिएझो पिकअप' असेच लिहीन. तंबोऱ्याची घोडी रुंद, तारा थेट तिच्यावरच टेकतात. तिथे वेगळ्या पट्टीला नाव द्यायची वेळच आली नाही. आणि 'खोगीर' म्हटले की मराठी माणसाला आधी खोगीरभरती आठवते. विकायच्या वस्तूला ते परवडणारे नाही. 'पिकअप'ला मात्र 'उचलक' वगैरे करू नका.

लाकडांच्या नावांत खरा धोका आहे. 'स्प्रूस टॉप'ला, म्हणजे स्प्रूस या झाडाच्या लाकडाच्या पुढच्या फळीला, 'स्प्रूसची तबली' म्हणा; तंबोऱ्याच्या भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला तबलीच म्हणतात. 'इंडियन रोझवुड'चे 'गुलाबाचे लाकूड' झालेले मी वाचले आहे. ते नाव लाकडाच्या वासावरून पडले, गुलाबाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. ते आपले शिसवी, जुन्या वाड्यातल्या पलंगाचे.

जाता जाता: दुकानदार याच गिटारला सर्रास 'सेमी-अकूस्टिक' म्हणतात. ते छापू नका. सेमी-अकूस्टिक ही मुळात इलेक्ट्रिकच, फक्त आतून पोकळ किंवा अर्धवट पोकळ, चुंबकीय पिकअपची. गिब्सन कंपनीची १९५८ सालची ईएस-३३५ ही गिटार त्यातली.