चर्चसारखा दिसणारा टाऊन हॉल

प्रश्न : अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात मुलीकडे गेलो असताना आम्ही बरीच खेडी पाहिली. काही गावांचा जुना टाऊन हॉल म्हणजे पांढऱ्या फळ्यांची साधी लाकडी इमारत असते आणि ती चर्चसारखी दिसते. असे का? शिवाय हजारभर वस्तीच्या खेड्याला टाऊन हॉल लागतो तरी कशाला?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. न्यू इंग्लंडमध्ये ‘टाऊन’ म्हणजे शहर नव्हे; आसपासची शेते, रान आणि विखुरलेली घरे यांसह स्थानिक कारभाराचे ते मूळ एकक असते. अनेक टाऊनमध्ये आजही नोंदणीकृत मतदार वर्षातून एकदा तरी सभेत जमतात आणि रस्ते, शाळा, अग्निशमन यांवरचा खर्च स्वतः हात वर करून किंवा तोंडी होकार-नकार देऊन ठरवतात. तिथल्या व्हरमाँट राज्यात ही सभा परंपरेने मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरते. सारे गाव सभेला बसायचे म्हटल्यावर जागा हवीच.

सतराव्या-अठराव्या शतकांत ही जागा आणि प्रार्थनेची जागा एकच असे. तिथे स्थायिक झालेल्या प्युरिटन या इंग्लंडमधून आलेल्या प्रोटेस्टंट पंथीयांच्या मते चर्च म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय, इमारत नव्हे. म्हणून इमारतीला ते ‘मीटिंग हाऊस’ म्हणत. ती गावाच्या करातून उभी राही, रविवारी तीत प्रवचन होई आणि इतर दिवशी कुंपणांचे व गुरांचे तंटेही तिथेच निघत. व्हरमाँटमधील रॉकिंगहॅमची १७८७ साली बांधायला घेतलेली इमारत पाहिली, तर तिला उंच मनोरा नाही. आत कंबरेइतक्या उंच फळ्यांनी वेढलेले, दार असलेले चौकोनी कप्पे आहेत. कप्प्यात चारही बाजूंनी बाके असल्यामुळे कुटुंबातील काही मंडळींची पाठ धर्मोपदेशकाकडे होई, आणि हे कुणाला खटकतही नसे! अशा जुन्या इमारतींत शेकोटीची सोय क्वचितच असे. हिवाळ्यात लोक निखारे भरलेली, भोके पाडलेली छोटी पेटी पायांशी ठेवून बसत.

ही जोडी मोडली ती कायद्याने. चर्चसाठी गावाने कर गोळा करण्याची पद्धत व्हरमाँटमध्ये १८०७, न्यू हॅम्पशायरमध्ये १८१९ आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ साली संपली. त्यानंतर अनेक ठिकाणी धर्ममंडळींनी शेजारी स्वतःचे, मनोऱ्याचे चर्च बांधले आणि जुनी वास्तू गावाकडे राहिली. काही गावांनी आतल्या सज्जाच्या (वरच्या गॅलरीच्या) पातळीवर तक्तपोशी टाकून एका दालनाचे दोन मजले करून घेतले, कारण तेवढ्या उंच दालनाची सभेला गरज नव्हती.

मॅसॅच्युसेट्समधील पेलहॅमचा टाऊन हॉल यातलाच आहे. तो १७४३ सालचा असून, अमेरिकेतील सर्वांत दीर्घकाळ अखंड वापरात असलेला टाऊन हॉल असा त्याचा लौकिक आहे. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांच्या १७८६-८७ मधील उठावाचे पुढारी डॅनियल शेज याच गावचे. कचेऱ्या दुसरीकडे गेल्या तरी सभा इथे भरवण्याची प्रथा गावाने सोडलेली नाही, कारण ती सोडली की ‘अखंड’ हा शब्द गळून पडेल. यात थोडा हट्ट आहे हे खरे, पण माझ्या मते तो शहाणपणाचा आहे. रॉकिंगहॅममध्ये १८३९ नंतर प्रार्थना आणि १८६९ नंतर सभा बंद झाल्या, तशी इमारत ओस पडली, तिची नासधूस झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीस लोकांना तिची डागडुजी करावी लागली. पुन्हा जाल तेव्हा दोन्ही वास्तू पाहाव्यात. रॉकिंगहॅमला आधी जावे, म्हणजे पेलहॅममध्ये सज्जाच्या पातळीवर तक्तपोशी टाकली नसती तर आत कसे दिसले असते, याची कल्पना येईल.