वाचकांचे प्रश्न : स्लोवर थरथरणारा पिकअप

प्रश्न : २००४ सालचा डिझेल पिकअप आहे, चार सिलिंडर, सिलिंडरना दाबाने डिझेल देणारा जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल पंप. द्राक्षांच्या हंगामात रोज मार्केट यार्डाला खेप असते. सकाळी चालू होऊन एकदा बंद पडतो, मग चालतो, पण स्लोवर (रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवलं की) सगळी केबिन हलते. रेस दिली की ठीक. डिझेल फिल्टर बदलला. मिस्त्रींनी स्लो वाढवून दिला आणि आता पंप उतरवायला सांगतात. उतरवावा का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : एवढ्यात नको. आधी स्लोचा स्क्रू पूर्वीच्या जागी आणा. वाढवलेल्या स्लोने थरथर झाकली जाते, दोष तिथेच राहतो.

बॉनेट उघडून दोन मिनिटं नुसतं ऐका. आवाज वर-खाली होत असेल, इंजिन मधेच दम खाऊन पुन्हा उचलत असेल, तर डिझेलमध्ये हवा येतेय. ठरावीक तालात एकच ठोका चुकत असेल तर एक सिलिंडर काम करत नाही. आणि ठोके सारखे पडूनही केबिन हलत असेल, तर इंजिन ज्यांवर बसतं ती फाउंडेशनची रबरं बघा.

सकाळी चालू होऊन बंद पडतो म्हणता, म्हणून पहिला संशय हवेचा. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या भागात डिझेल ओढलं जातं. तिथे पाइपाला चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली एक थेंब दिसत नाही आणि दोष सापडत नाही. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळी पाइपात उरलेल्या डिझेलवर गाडी चालू होते, ते संपलं की बंद.

तपासणी सोपी आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनापेक्षा उंच बांधा, त्यातून फीड पंपाला थेट पाइप द्या. रिटर्नचा, म्हणजे जादा डिझेल परत नेणारा पाइपही कॅनमध्येच सोडा. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा. फेस थांबून सलग डिझेल आलं की ते वाहत असतानाच स्क्रू आवळा. आता इंजिन शांत चालत असेल तर पंप निर्दोष. दोष टाकीकडच्या लायनीत. कडक झालेला रबरी पाइप, सैल क्लिप, बँजो बोल्टची (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) दबलेली तांब्याची वॉशरं, हे नेहमीचे गुन्हेगार. टाकीची लाइन परत जोडून संशयित जोडावर ग्रीस थापा. थरथर कमी झाली तर जागा सापडली. शेतावरच्या बॅरलमधून डिझेल भरत असाल तर फिल्टरच्या तळातलं काचेच्या बाटलीत काढा. पाणी असेल तर खाली वेगळं बसतं.

कॅनवरही ठोका चुकतोच? मग इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाइपाचा नट अर्धा आटा सैल करून परत आवळा. आवाज पडला तर तो सिलिंडर चालू. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. नटावर जाड फडकं ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा आणि बोट जवळ नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येते. कॉमन रेल गाडीवर, म्हणजे नोझलच्या डोक्यावर वायरचा प्लग असेल तर, हा प्रयोग अजिबात नको.

मेलेल्या सिलिंडरचं नोझल शेजारच्याशी बदला. दोष नोझलबरोबर सरकला तर फक्त ते नोझल टेस्टिंगला द्या. सरकला नाही तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची गॅप) तपासा, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब). तेही बरोबर निघालं तरच पंप उतरवायचा. नोझल बसवताना जुनं तांब्याचं वॉशर भोकाच्या तळाशी चिकटलेलं नाही ना, हे बॅटरी मारून बघा. त्यावरच नवं बसलं तर नोझलचं टोक वर राहतं, फवारा चुकतो, आणि गाडी आधीपेक्षा जास्त धूर टाकते.

प्रश्न : टॅपेट किती आवाज करतात यावरून सेटिंग कळतं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : अर्धंच कळतं. कटकट करतो तो सैल टॅपेट. घट्ट टॅपेट गप्प असतो. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गॅप किती आणि इंजिन थंड की गरम, हे तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्या, दुसऱ्या गाडीचा आकडा लावू नका. १-३-४-२ फायरिंगच्या, म्हणजे या क्रमाने सिलिंडर पेटणाऱ्या इंजिनात चार नंबर सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना एकचे टॅपेट लावायचे, दोनचे हलताना तीनचे, आणि उलटही तसंच. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) किंचित ओढ लागून सरकलं पाहिजे. लॉकनट आवळल्यावर गेज परत घालून बघा. आवळताना स्क्रू फिरतो आणि गॅप चुकते ती हमखास तिथेच.