लाली गेली, थेंब थांबवू का?

प्रश्न : मी सोलापुरात यंत्रमागावर काम करते. डोळ्याच्या आतल्या सुजेवर डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनचे थेंब आणि रात्री मलम दिलंय. लाली गेली, बंद करू? उरलेलं नवऱ्याच्या लाल डोळ्याला चालेल?

उत्तर : ताई, एकदम बंद नको, सूज उलटते. डॉक्टर सांगतील तसे थेंब कमी करा. बाटली आधी हलवा, नाहीतर औषध तळाशीच राहतं. एकच थेंब, मग नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा. मलम पाच-दहा मिनिटांनी. नंतर धूसर दिसतं, तेव्हा भांडी आधी उरका. डोळ्याचा दाब तपासून घ्याच, या स्टिरॉइडच्या थेंबांनी तो वाढला तरी बहुधा दुखत नाही. नवऱ्याला मात्र अजिबात नको! डोळ्यात कचरा जाऊन बुरशीची जखम झाली असेल, तर स्टिरॉइडने ती चिघळते, बुबुळावर कायमचं फूल पडतं. त्यांना आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.