केलेब विल्यम्सचा पहिला सीझन: 68 सॅक कोणाच्या खात्यावर?

प्रश्न: नोकरीनिमित्त शिकागोला आलोय. अमेरिकन फुटबॉल नुकतंच बघायला लागलोय. ऑफिसात इथल्या टीमचा, शिकागो बेअर्सचा, क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सच्या 2024 च्या पहिल्या सीझनवरून अजून वाद चालतात. एक जण म्हणतो, वर्षभरात फक्त 6 इंटरसेप्शन, म्हणजे उत्तम सीझन. दुसरा म्हणतो, टीम 5-12 (5 विजय, 12 पराभव), हा 68 वेळा सॅक झाला, म्हणजे वाया गेलेला सीझन. नवख्या क्वार्टरबॅकचं पहिलं वर्ष मोजायचं तरी कसं?

उत्तर:

तुमचे दोन्ही सहकारी एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. 6 इंटरसेप्शन आणि 68 सॅक हे माझ्या मते दोन वेगळे आकडे नाहीतच. एकाच सवयीची ती दोन टोकं आहेत. हे पटलं की त्या सीझनचं बरंच कोडं सुटतं.

तुम्ही नवीन आहात म्हणून थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅकच्या हातात बॉल आला की समोरच्या टीमचे धिप्पाड गडी त्याच्यावर धावून येतात. त्याची स्वतःची पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन त्यांना अडवून धरते. ही भिंत अडीच-तीन सेकंद टिकली तरी खूप झालं. तेवढ्यात त्याने कोणाला तरी पास द्यायचा (तो समोरच्या टीमने झेलला तर इंटरसेप्शन), नाही जमलं तर बॉल मैदानाबाहेर भिरकावून द्यायचा, नाहीतर स्वतः पळायचं. यातलं काहीच न होता तो बॉलसकट मागेच आडवा झाला की त्याला सॅक म्हणतात. टीमचे पाच-सात यार्ड जातात आणि एक डाउनही (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी एक) वाया जातो.

सॅकची नोंद क्वार्टरबॅकच्या नावावर होते, पण चूक कोणाची ते त्या नोंदीत कुठेच नसतं. आपल्या क्रिकेटमधल्या रनआउटसारखं आहे हे. स्कोअरबुकात नाव एकाचं लागतं. चुकीचा कॉल कोणी दिला, कोण जागेवरून हललाच नाही, हे मॅच बघितल्याशिवाय समजत नाही. विल्यम्सच्या 68 मध्ये लाइनची चूक आहे, कोचिंगची आहे आणि त्याची स्वतःचीही आहे. शिकागोत बहुतेक जण पहिल्या दोन गोष्टी बोलतात आणि तिसरी गिळून टाकतात. मी बेअर्सचा चाहता असूनही सांगतो, तिसरी फार मोठी होती.

68 हा केवढा आकडा आहे? एका सीझनमध्ये याहून जास्त सॅक आजवर दोनदाच झालेत: 2002 मध्ये डेव्हिड कार 76 वेळा आणि 1986 मध्ये रँडल कनिंगहॅम 72 वेळा. कारही विल्यम्ससारखाच ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिला. ह्यूस्टन टेक्सन्स ही कोरी नवी टीम त्याच्या हाती दिली आणि पहिल्याच वर्षी त्याचा चेंदामेंदा करून टाकला. तो पुढे कधी सावरला नाही, असंच बहुतेक जण मानतात. 2024 च्या डिसेंबरात इथल्या लोकांच्या पोटात गोळा यायचा तो याच आठवणीने.

आणि बेअर्स काही कारच्या टेक्सन्ससारखी रिकामी टीम नव्हती. पहिला पिक त्यांना स्वतःच्या खराब खेळामुळे मिळालाच नव्हता. तो कॅरोलायनाचा होता, 2023 मधल्या ट्रेडमधून (दोन टीममधल्या अदलाबदलीतून) आलेला. त्याच ट्रेडमध्ये डीजे मूरही आला. शिवाय कीनन अ‍ॅलन आणि ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर घेतलेला रोम ओडुन्झे. नवख्या मुलाला असे रिसीव्हर (पास झेलणारे) सहसा मिळत नाहीत. म्हणून अपेक्षा डोंगराएवढ्या होत्या. त्यात या शहराला चांगल्या क्वार्टरबॅकची भूक पिढ्यान् पिढ्यांची. बेअर्सच्या शंभरेक वर्षांच्या इतिहासात एकाही क्वार्टरबॅकने एका सीझनमध्ये 4,000 यार्ड फेकलेले नाहीत. 2017 मध्ये पुढे दिग्गज ठरलेल्या पॅट्रिक महोम्सला सोडून यांनी ट्रुबिस्की घेतला, ती जखम तर अजून ओली आहे.

आता सीझनकडे. पहिली मॅच टेनेसीशी, 24-17 ने जिंकली. पण विल्यम्सने फेकले फक्त 93 यार्ड. टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं, सहा गुण) आले ते अडवलेल्या पंटवर (बॉल लांब घालवायच्या किकवर) आणि डिफेन्सच्या इंटरसेप्शनवर. दुसऱ्या आठवड्यात ह्यूस्टनने त्याला 7 वेळा लोळवला. तिसऱ्यात कोल्ट्सविरुद्ध 363 यार्ड, पण पुन्हा दोन इंटरसेप्शन. मग गाडी रुळावर आली. कॅरोलायनाविरुद्ध 36-10. लंडनमध्ये जॅक्सनव्हिलला 35-16 ने हरवलं, त्यात त्याचे चार टचडाउन पास. टीम 4-2. त्या पंधरवड्यात इथे लोक ओळख नसताना रांगेत उभ्या-उभ्या बेअर्सबद्दल बोलायचे.

मग 27 ऑक्टोबरचा तो रविवार. दिवाळी तोंडावर होती, आमच्याकडे चकल्या तळणं चालू होतं. वॉशिंग्टनविरुद्ध दिवसभर बेअर्सचं काहीच जमत नव्हतं. चौथ्या क्वार्टरमध्ये गोललाइनजवळ कोचने बॉल दिला तो एका राखीव लाइनमनला, डग क्रेमरला, आणि त्याच्या हातून बॉलच सुटला! तरीही विल्यम्सने शेवटच्या मिनिटात टीमला मैदानभर नेलं, 25 सेकंद उरलेले असताना बेअर्स 15-12 ने पुढे. आणि शेवटच्या फेकीवर वॉशिंग्टनचा नवखा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सचा आभाळात टाकलेला बॉल हातांना लागून उडाला आणि मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात पडला. 18-15. तिथून लागोपाठ दहा पराभव. दोन आठवड्यांनी न्यू इंग्लंडविरुद्ध 9 सॅक आणि टीमचे मिळून 3 गुण. त्याच आठवड्यात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमण आखणारा कोच) शेन वॉल्ड्रनला काढलं.

थँक्सगिव्हिंगची डेट्रॉइटची मॅच मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण सगळा सीझन त्या एका दुपारी दिसतो. हाफटाइमला 16-0 ने मागे. दुसऱ्या हाफात विल्यम्सने लीगमधल्या तगड्या टीमविरुद्ध, तिच्याच मैदानावर, तीन टचडाउन पास फेकले. 23-20. शेवटच्या मिनिटात बेअर्स फील्ड गोलच्या (खांबांमधून मारायच्या किकच्या) टप्प्यात. तीन गुण मिळाले की बरोबरी. तेवढ्यात झाडेरियस स्मिथने त्याला सॅक केलं. घड्याळात अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ आणि हातात एक टाइमआउट (घड्याळ थांबवायची मुभा). कोचने तो घेतला नाही. विल्यम्सनेही मागितला नाही. तो खेळाडूंना जागेवर बोलावत, इशारे करत, लाइनवर येऊन प्ले बदलत राहिला. घड्याळ चालूच. बॉल खेळात आला तेव्हा मोजकेच सेकंद उरले होते, आणि लांबवर फेकलेला पास खाली पडला. खेळ संपला, टाइमआउट तसाच शिल्लक. दुसऱ्या दिवशी हेड कोच मॅट एबरफ्लसला काढलं. सीझन चालू असताना हेड कोचला घरी पाठवणं बेअर्सने त्याआधी कधीच केलं नव्हतं.

दोष कोचचा? अर्थातच, आणि मोठा. टाइमआउट घेणं हे बावीस-तेवीस वर्षांच्या पोरावर सोडायचं काम नव्हे. पण त्याआधीचा सॅक बघा. बरोबरीचा फील्ड गोल समोर असताना काहीही करून पाठीवर पडायचं नाही, हे त्या क्षणाचं पहिलं गणित. बॉल बाहेर फेकला असता तर घड्याळही थांबलं असतं.

ही सवय कॉलेजातली. यूएससीत (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात) तो पहिला पर्याय बंद दिसला की मागे पळायचा, वळसा घ्यायचा, आणि कोणीतरी मोकळं होईपर्यंत बॉल सोडायचा नाही. तिथे त्याच्यापुढे बचाव दमायचे; 2022 ची हाइजमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) त्याला अशाच खेळावर मिळाली. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये धावून येणारे गडी त्याच्याइतकेच चपळ आणि वजनाने दीडपट.

आणि इथेच ते 6 इंटरसेप्शन येतात. लंडननंतर डिसेंबर अखेरच्या सिअ‍ॅटलच्या मॅचपर्यंत त्याने लागोपाठ 353 पास इंटरसेप्शनशिवाय फेकले, नवख्यांमधला हा विक्रम. ऐकायला फार छान. पण त्यातला मोठा भाग असा की शंका आली की तो बॉल फेकतच नव्हता. धोका टळायचा आणि सॅक व्हायचा. इंटरसेप्शनने एकदम दिसणारं नुकसान झालं असतं. सॅकने तेच थोडं-थोडं होत राहिलं. फक्त इंटरसेप्शन मोजणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला एवढं सांगा. पेटन मॅनिंगने 1998 मध्ये पहिल्या वर्षी 28 इंटरसेप्शन दिले, नवख्यांमध्ये आजही सगळ्यात जास्त, टीम 3-13. पण तो बॉल सोडायला घाबरत नव्हता; चुका करत-करत बचाव वाचायला शिकत होता. पुढे तो महान क्वार्टरबॅकांमध्ये गणला गेला.

तुलनेसाठी सगळे डॅनियल्सचं नाव काढतात. काढायलाच हवं, कारण दोघांचे यार्ड जवळजवळ सारखे: विल्यम्स 3,541, डॅनियल्स 3,568. फक्त डॅनियल्सने ते 480 पासमध्ये काढले, विल्यम्सला 562 लागले. म्हणजे एका पासमागे 7.4 विरुद्ध 6.3. एका खेळाडूच्या एका वर्षात मला एकच आकडा बघायला दिला तर मी हा बघेन, आणि त्यात विल्यम्स सरळ कमी पडला. लांबचे पास तर वर्षभर हुकत होते. रिसीव्हर मोकळा, आणि बॉल त्याच्या डोक्यावरून. हे लाइनच्या माथी मारता येत नाही.

पण परिस्थितीतला फरकही खोटा नाही. डॅनियल्सला पूर्ण वर्ष एकच कोऑर्डिनेटर मिळाला, क्लिफ किंग्जबरी. जो आदल्या वर्षी यूएससीत विल्यम्सच्याच जवळ काम करत होता! विल्यम्सला वॉल्ड्रन गेल्यावर थॉमस ब्राउन मिळाला, आणि पंधरवडा-तीन आठवड्यांत तोच ब्राउन हंगामी हेड कोच झाला. न्यू इंग्लंडच्या त्या मॅचला लाइनचे नेहमीचे दोन्ही टॅकल (दोन टोकांचे खेळाडू) दुखापतीमुळे बाहेर होते. टीमच्या 5-12 चा दोष त्याच्या गळ्यात घालणारा तुमचा दुसरा सहकारी हे विसरतो. ग्रीन बेविरुद्ध अडवला गेलेला फील्ड गोल, तो आभाळातला पास, न घेतलेला टाइमआउट: तीन मॅच शेवटच्या प्लेवर गेल्या, आणि त्यातल्या दोन वेळा तर त्याने आपलं काम केलं होतं. हरजीत हा क्वार्टरबॅक मोजायचा सगळ्यात कच्चा मार्ग आहे. डॅनियल्सचं वॉशिंग्टन 2024 मध्ये 12-5 होतं, पुढच्याच वर्षी 5-12. तो दुखापतींनी बहुतेक सीझन बाहेर होता.

मग मी काय बघतो? वाईट कोचिंग, गळकी लाइन, दहा पराभव, एवढं सगळं अंगावर असताना मुलगा दर आठवड्याला मैदानात उतरतो का, आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्याचा खेळ वर जातो की खाली. विल्यम्स सगळ्या 17 मॅच खेळला. 68 वेळा पडून उठला आणि एकदाही बसला नाही. मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या अर्ध्या मिनिटात 11 गुण भरून काढून मॅच ओव्हरटाइममध्ये नेली. शेवटच्या आठवड्यात ग्रीन बेच्या मैदानावर, जिथे बेअर्स याच टीमकडून झालेल्या लागोपाठ 11 पराभवांचं ओझं घेऊन गेले होते, त्याने शेवटच्या मिनिटात किकर सँटोसला 51 यार्डांच्या किकपर्यंत आणून सोडलं. 24-22. मला त्या वर्षात आशा वाटली ती यामुळे. फक्त 6 इंटरसेप्शनमुळे अजिबात नाही.

तेव्हा माझा हिशोब असा: खेळाडू म्हणून उमेदीचं वर्ष, क्वार्टरबॅक म्हणून मधलं, टीमसाठी वाईट. 68 सॅकमधले पुष्कळ त्याचेच, आणि त्याला सुधारता येण्यासारखे.

दुसऱ्या वर्षाने हे तपासून दिलं. बेन जॉन्सन हेड कोच आला. लाइनच्या मधल्या तीन जागांवर जो थूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन आले. सॅक 68 वरून 24 वर. लोक म्हणतात, बघा, सगळी लाइनचीच चूक होती. मी म्हणतो, पास पूर्ण होण्याचं प्रमाणही बघा: ते 62.5 टक्क्यांवरून 58 च्या आसपास उतरलं. वर्ष चांगलं, आणि टक्का खाली? कारण ज्या बॉलवर तो आधी पाठीवर पडायचा, त्यातले बरेच आता तो बाहेर भिरकावत होता, आणि तो पास अपूर्ण धरला जातो. सवय बदलल्याचा याहून स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही. त्या वर्षी त्याने 3,942 यार्ड फेकून एरिक क्रेमरचा 1995 पासूनचा क्लबचा विक्रम मोडला, टीमने 11-6 करत डिव्हिजन (आपला चार टीमचा गट) जिंकली, आणि प्लेऑफमध्ये 21-3 ने मागे असताना ग्रीन बेला हरवलं.

वेळ असेल तर 2024 च्या दोनच मॅच पूर्ण बघा: न्यू इंग्लंडची आणि थँक्सगिव्हिंगचा दुसरा हाफ. प्रत्येक सॅकला थांबवून मनात सेकंद मोजा. दोनच्या आत पडला तर लाइन. साडेतीनच्या पुढे गेला तर तो स्वतः. त्या मधल्यांवर ऑफिसात खुशाल वाद घाला.