वाचक विचारतात: पास झाले, मग आता पेशंट एकटीने बघायचे?

या वेळच्या पत्रांत काही प्रश्न एकाच विषयाभोवती फिरणारे निघाले, म्हणून बाकीचे बाजूला ठेवून हेच घेतेय. नाशिकमध्ये हे प्रश्न येणारच, देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, भगूरपासून सिन्नरपर्यंत कुठेही जा, घरात नाहीतर शेजारी कोणी ना कोणी फौजी असतोच, आणि म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात, त्यामुळे नर्सिंग करणारी पोरंपोरीही भरपूर.

प्रश्न : ताई, माझी मामेबहीण अमेरिकेतच वाढली, तिकडची सिटिझन आहे. मानसिक आरोग्यातली नर्स प्रॅक्टिशनर म्हणून तिचं मास्टर्स आता संपतंय. एका खासगी क्लिनिकची चांगल्या पगाराची ऑफर आहे, आणि दुसरीकडे माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात एक वर्षाची रेसिडेन्सी, म्हणजे अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकत काम करायचं, तिथे पगार बराच कमी. मामा म्हणतात शिकून झालं ना, परत कशाला शिकायचं? – देवळाली कॅम्पची एक वाचक

तिला सांग रेसिडेन्सी घे. मामांनाही सांग, आणि का ते सविस्तर सांग, कारण त्यांची शंका चुकीची नाही, रेसिडेन्सी तिकडे सक्तीची नाहीच, ती न करताही लायसन्स मिळतं आणि नोकरीही मिळते.

पण काम काय आहे ते बघ. आपल्याकडे सिस्टर म्हटलं की डॉक्टरांनी लिहिलेलं औषध देणारी, असं डोक्यात असतं. तिकडची नर्स प्रॅक्टिशनर स्वतः निदान करते, औषध स्वतः लिहिते, डोस वाढवते, बंद करते, काही जणी थेरपीही करतात. त्यात माजी सैनिकांच्या खात्याने, ज्याला तिकडे सगळे व्हीए म्हणतात, डिसेंबर २०१६ मध्ये नियम काढला की आमच्याकडच्या नर्स प्रॅक्टिशनरना डॉक्टरच्या देखरेखीशिवाय काम करता येईल, मग त्या राज्याचा कायदा काहीही असो (फक्त नशेच्या यादीतली औषधं लिहायची तर राज्याचाच नियम लागतो). म्हणजे अधिकार मोठा आहे. आणि तयारी किती? मास्टर्समध्ये पेशंटसोबतच्या कामाचे किमान ५०० तास, अशी अट कित्येक वर्षं होती, २०२२ पासूनच्या निकषांत ती ७५० झाली. आठ तासांची ड्युटी धरली तर ७५० तासांचे शंभर दिवससुद्धा भरत नाहीत. तिकडच्या सायकियाट्रिस्टला एमडीनंतर चार वर्षं रेसिडेन्सी असते. मी नर्सना कमी लेखत नाहीये, मी स्वतः सायकियाट्रिक नर्सिंग शिकवते, पण परीक्षा पास होणं आणि समोरच्या माणसाची जबाबदारी एकटीने घेणं यात एक रिकामी जागा आहे आणि ती कोणीतरी भरायला हवी, नाहीतर ती पेशंटच्या जिवावर भरली जाते.

नर्स प्रॅक्टिशनरसाठी अशी पहिली रेसिडेन्सी २००७ मध्ये कनेक्टिकटच्या एका सामुदायिक आरोग्य केंद्राने सुरू केली, ती साध्या फॅमिली ओपीडीसाठी होती. पुढे ती पद्धत व्हीएमध्ये आली, मानसिक आरोग्यातही आली. साधारण बारा महिने, पूर्ण वेळ, पगारी. सुरुवातीला पेशंट मुद्दाम कमी देतात, बाजूला एक अनुभवी प्रिसेप्टर असतो, आठवड्यातला ठरलेला वेळ शिकण्यासाठी राखून असतो आणि पोस्टिंग बदलत राहते: ओपीडी, वॉर्ड, पीटीएसडीचं (युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर मनात राहणाऱ्या आघाताचं) क्लिनिक, व्यसनमुक्ती, म्हाताऱ्या पेशंटचा विभाग.

आता हे पेशंट कोण, तेही मामांना सांग. व्हिएतनामला जाऊन आलेले पंचाहत्तरीचे आजोबा येतात, शुगर, हार्ट, दहा गोळ्या आधीच चालू, आणि पन्नास वर्षांपूर्वीची स्वप्नं अजून पडतात. इराक-अफगाणिस्तानातून परतलेला चाळिशीचा माणूस येतो, स्फोटात डोक्याला मार लागलेला, तो विसरतो, चिडतो, झोपत नाही, आता हे मेंदूच्या इजेचं आहे की पीटीएसडीचं की दोन्हीचं, हे पुस्तक उघडून कळत नाही. तिसरा येतो तो वर्षानुवर्षं झोपेची नि चिंतेची गोळी घेतोय आणि तीच हवी म्हणतो. व्हीएच्या गाईडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की पीटीएसडीसाठी त्या गटातली, म्हणजे बेन्झोडायझेपाइन गटातली, औषधं देऊ नका, पण एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणजे हळूहळू, महिनोन् महिने कमी करत न्यायची आणि त्या काळात माणूस रागावून निघूनही जाता कामा नये. हे शिकायला शेजारी बसून दाखवणारं कोणीतरी लागतं.

आणि आत्महत्येचा प्रश्न. तिकडे माजी सैनिकांच्या आत्महत्यांत बहुतेक वेळा बंदूक असते. त्यामुळे नव्या मुलीला पहिल्याच महिन्यात हे विचारायला शिकावं लागतं की घरात बंदूक आहे का, कुलपात असते का, काही दिवस भावाकडे किंवा मित्राकडे ठेवता येईल का, आणि हे असं विचारायचं की आपला अपमान होतोय असं त्या सैनिकाला वाटू नये. त्याच्यासोबत बसून सेफ्टी प्लॅन लिहायचा, धोक्याची लक्षणं कोणती, तेव्हा स्वतः काय करायचं, कोणाला फोन करायचा, शेवटी ९८८ लावून १ दाबायचं, ती माजी सैनिकांची हेल्पलाइन. फॉर्म भरायला दहा मिनिटं पुरतात, पण त्या माणसाला तो कागद आपला वाटायला हवा ना, त्याला अभ्यास लागतो.

पण नुसतं रेसिडेन्सी नाव बघून हो म्हणू नको म्हणावं. मुलाखतीत विचार: पहिल्या महिन्यात दिवसाला किती पेशंट, सहाव्या महिन्यात किती, प्रिसेप्टरचा वेळ खरंच माझ्यासाठी मोकळा ठेवलाय की तो स्वतःची ओपीडी काढत काढत मला बघणार, थेरपी शिकवणार का, म्हणजे प्रोलाँग्ड एक्सपोजर किंवा सीपीटी या पीटीएसडीवरच्या बोलून करायच्या उपचारपद्धती, प्रोग्रॅमला मान्यता कोणाची, आणि वर्षानंतर तिथेच नोकरीची हमी आहे का. शेवटचं लेखी घे. आणि वर्षाचा कमी पगार हा आकडा मोठाच आहे, शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल तर घरात बसून हिशेब करा, पण खासगी क्लिनिकवाले पहिल्या आठवड्यापासून पूर्ण ओपीडी देणार असतील तर त्या जास्तीच्या पगारात काय विकत घेतलं जातंय हेही त्या हिशेबात धरा.

प्रश्न : मी नाशिकलाच सायकियाट्रिक नर्सिंगमध्ये एमएस्सी करतेय. आपल्याकडे अशी रेसिडेन्सी आहे का? आणि मला व्हीएमध्ये जाता येईल का?

दुसऱ्याचं आधी. सध्या तरी तो रस्ता धरू नको. व्हीएच्या या जागांना अमेरिकन नागरिकत्व मागतात, शिवाय तिकडच्या मान्यताप्राप्त कॉलेजची नर्स प्रॅक्टिशनरची डिग्री लागते, आपली एमएस्सी त्या जागी चालत नाही.

आता आपल्याकडचं. नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स आणला, त्याला रेसिडेन्सी प्रोग्रॅमच म्हणतात, म्हणजे कल्पना आपल्या देशाला नवी नाही. मानसिक आरोग्यात मात्र तिकडच्यासारखं स्वतः औषध लिहिणारं पद आपल्याकडे नाही. एमएस्सी आहे, एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, बंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. पण डिग्री झाल्यावरचं ते पहिलं वर्ष? बहुतेक मुली थेट वॉर्डात नाहीतर थेट शिकवायला, काल विद्यार्थिनी आणि आज नाईट ड्युटीला एकटी. मला हे फार लागतं. औषध लिहायचा अधिकार नसला म्हणून जबाबदारी कमी होत नाही, रात्री दोनला पेशंट बिथरला तर समोर सिस्टरच असते.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रोग्रॅम येईल तेव्हा येईल, तू नोकरी घेताना तेच प्रश्न विचार जे वर त्या मुलीला सांगितले. इन्चार्ज सिस्टर आठवड्यातून एक तास केसवर बसेल का, सुरुवातीला नाईटला सोबत सीनिअर असेल का, विचारायला लाजू नको. शक्य असेल तर एक-दोन वर्षं मोठ्या मनोरुग्णालयात काढ, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, तिथे जे बघायला मिळतं ते खासगीत मिळत नाही. आणि प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल तर नाशिकच्या निवृत्त जवानांची झोप आणि दारू यावर कर, देवळालीला विचारून, रीतसर परवानगी घेऊन. आपल्या जिल्ह्यातून हे काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मिस्टर तोफखान्यात हवालदार होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. फटाका वाजला की दचकतात, रात्री ओरडत उठतात, रोज घेतात. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात मी वेडा नाही. काय करू? – भगूर

वहिनी, ते वेडे नाहीतच, हे आधी तुम्हीच त्यांना म्हणा. न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते पीटीएसडीमध्ये दिसतं आणि त्यावर उपचार आहेत, इतक्या वर्षांनीसुद्धा. मनाच्या डॉक्टरपासून सुरुवात नको असेल तर झोपेपासून करा, कानापासून करा, तोफेजवळ काम केलेल्यांच्या कानात आवाज येत राहतो, त्यानेही झोप जाते, आणि या तक्रारीला माणूस लगेच तयार होतो. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकला दाखवा, पुढचं रेफरल तिथूनच मिळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, तेही सांगा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. रात्री ओरडले तर हलवून उठवू नका, जरा लांबून नाव घेऊन हाक मारा, लाइट लावा. आणि रोजची दारू घरच्या घरी एकदम तोडायला लावू नका, हात थरथरणं, फिट, भ्रम असं होऊन जिवावर बेतू शकतं, ती डॉक्टरच्या देखरेखीतच सोडवायची. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलले तर वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. तेव्हा त्यांना एकटं सोडू नका, गोळ्या नि कीटकनाशकं हाताशी ठेवू नका, आणि जास्त वाटलं तर सरळ हॉस्पिटलला न्या.

प्रश्न : मी मुलगा आहे, जीएनएम झालंय. सायकियाट्रीत ब्रदरला स्कोप आहे का?

आहे, आणि गरजही आहे, विशेषतः पुरुष वॉर्ड आणि व्यसनमुक्तीत, बरेच फौजी ब्रदरशी जास्त मोकळं बोलतात. रजिस्ट्रेशन करून घे, एक वर्ष वॉर्डचा अनुभव घे, मग सायकियाट्रिक नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा कर. कॉलेजची मान्यता नर्सिंग कौन्सिलच्या यादीत स्वतः तपासल्याशिवाय फी भरू नको.