रजेची शिल्लक जुळत नसेल तर

रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाची शिल्लक चुकलेली दिसली की थेट आकडा बदलायचा मोह होतो. तेवढं टाळ. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ॲडजस्टमेंटची (शिल्लक वाढवण्या-घटवण्याची) वेगळी नोंद करता येते. ती कर आणि कारण लिही, 'दुरुस्ती' एवढंच नको. सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर उत्तर त्या नोंदीतच सापडायला हवं.

खरा घोळ सुरुवातीच्या शिल्लकीत असतो. समजा जुन्या एक्सेलमधून 30 जूनअखेरची शिल्लक नव्या सिस्टीममध्ये आणलीस. एकाची जुलैतली तीन दिवसांची रजा आधीच मंजूर होती आणि एक्सेलमध्ये वजाही झाली होती. आता तोच अर्ज नव्या सिस्टीममध्ये टाकलास की तीन दिवस दुसऱ्यांदा कापले जाणार. म्हणून कट-ऑफच्या (इथे 30 जूनच्या) पुढच्या मंजूर रजा आधी जुन्या शिल्लकीत परत मिळव, मगच आकडा चढव. कंटाळवाणं काम आहे, पण निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं माझं मत.

दुसरं, राउंडिंग, म्हणजे अपूर्णांक जवळच्या आकड्यावर आणणं. वर्षाला 20 रजा म्हणजे महिन्याला 1.666... दर महिन्याला 1.67 जमा केल्यास वर्षअखेर 20.04 होतात, 1.66 केल्यास 19.92. त्या 0.08 साठी सिस्टीम विसावा दिवस नाकारू शकते, आणि माणूस तुझ्या टेबलापाशी येतो! राउंडिंग शेवटी एकदाच होईल असं सेटिंग आहे का बघ.

अर्धा दिवस, कॅरी फॉरवर्ड (उरलेली रजा पुढच्या वर्षात नेणं) वगैरे नियम पॉलिसीवरून ताडून घे. पगाराचा महिना लॉक झाल्यावर मागच्या तारखेची रजा कोण टाकू शकतं, हे मात्र आजच विचार.